अठ्ठेचाळीस मिनिटांवरचं घर

सरकारनं किलोमीटर रद्द केला त्या दिवशी महारुद्र बिराजदार चौथीच्या पोरांना किलोमीटरच शिकवत होता.

सुर्वेबाई व्हरांड्यातून आत डोकावल्या. खाडीकाठची ती शाळा दोन शिक्षकी, एक ह्या आणि एक तो. "बिराजदार, पुसा तो फळा," त्या म्हणाल्या. "आजपासून सरकारी अंतर मिनिटांत मोजायचं. वरून आदेश आलाय."

"चालायच्या मिनिटांत का पळायच्या?"

"उडायच्या. विमानाच्या."

पोरं खो-खो हसली. महारुद्रही हसला. बरंच झालं, असंच त्याला वाटलं. ह्या देशात माणसाची वाट लावायची असली की आधी त्याची सोय करतात, हे त्याला अजून कळायचं होतं.

ही सोय म्हणजे टिटवी. पाखरू नव्हे, विजेवर उडणारं बारा माणसांचं विमान. आत पायलट नाही. जमिनीवर कुठंतरी गार खोलीत बसलेला एक माणूस असल्या वीस विमानांवर नजर ठेवतो आणि उरलेला वेळ जांभया देतो. पंखांवर ओळीनं लहान लहान पंखे. ते विमानाच्या पंखावरून इतक्या जोरानं हवा ढकलतात की आखूड धावपट्टीवरूनसुद्धा ते अलगद उठतं. बॅटरी पोटाखाली. टेबलाच्या खणासारखी रिकामी ओढायची, भरलेली सरकवायची, विमान पुन्हा तयार. लातूर, रत्नागिरी, जळगाव, गोंदिया, जिथं पूर्वी दिवसाकाठी एखादं विमान आलं तर आलं, ते विमानतळ एसटी स्टँडासारखे गजबजले.

त्या बॅटरीची एक गोष्ट महारुद्र पोरांना रंगवून सांगायचा. तेलावरचं विमान उडता उडता हलकं होतं, कारण तेल जळून जातं. बॅटरीतली वीज संपते, पण बॅटरीचं वजन गुंजभरही कमी होत नाही. निघताना जेवढं ओझं, उतरतानाही तेवढंच. म्हणून टिटवी टेकली की दणका बसतो. आणि म्हणूनच समोरून वारा असला की ती माणसं उतरवते. वाऱ्याशी भांडायला वीज जास्त लागते. ओझं तर कमी करायला हवं आणि बॅटरी फेकता येत नाही. मग काय फेकायचं? माणूस.

पोरांना ही गोष्ट फार आवडायची. "गुर्जी, मंग जाड्या माणसाला आधी उतरवतत?" असं कुणीतरी विचारायचंच.

"नाही. ज्याची कुणी वाट बघत नाही, त्याला," असं महारुद्र गमतीनं सांगायचा.

त्याची वाट बघणारी दोन माणसं लातुरात होती. बायको शिवलीला सरकारी दवाखान्यात नर्स. लेक शांभवी, साडेचार वर्षांची, घरात सगळे तिला शंभू म्हणायचे. महारुद्र तीन वर्षांपासून इकडं कोकणात. जुन्या नियमाप्रमाणं नवरा-बायको तीस किलोमीटरच्या पलीकडं नोकरीला असले की ते विभक्त धरले जायचे आणि पाळीनं त्यांना एका जिल्ह्यात आणायचे. त्या मे महिन्यात महारुद्रची पाळी होती.

त्याचा अर्ज परत आला. त्यानं सुट्टी काढली आणि थेट बदली कक्षात जाऊन बसला. दाभाडे नावाचा अधिकारी वागायला सज्जन होता. सज्जन माणसं जास्त घातक असतात, त्यांच्यावर नीट ओरडताही येत नाही.

"सर, सिस्टीमनं अर्ज घेतलाच नाही," दाभाडे म्हणाले. "तुम्ही पत्नीसोबत राहता."

"मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो साहेब. बायको लातूरला. रस्त्यानं एक अख्खा दिवस जातो."

"रस्ता आता धरत नाहीत. रत्नागिरी ते लातूर विमानानं अठ्ठेचाळीस मिनिटं. साठच्या आत म्हणजे एकत्र कुटुंब. अहो, पुण्यात एका घरात राहणारे नवरा-बायको ऑफिसातून यायला दीड तास घालवतात. तुम्ही भाग्यवान आहात."

"अठ्ठेचाळीस जाताना, साहेब. तेव्हा वारा पाठीशी असतो. येताना वारा तोंडावर. त्रेसष्ट लागतात. मग मी काय, जाताना एकत्र आणि येताना विभक्त?"

दाभाडेंनी चष्मा काढून पुसला. जरा विचार केला. मग अगदी मनापासून म्हणाले, "वारा हा विषय आमच्या खात्यात येत नाही."

खाडीकाठच्या शाळेपासून विमानतळापर्यंतचे दोन तास कुणाच्या खात्यात येतात, हे महारुद्रनं विचारलंच नाही. उठता उठता दाभाडे हसून म्हणाले, "एकच मार्ग आहे सर. घटस्फोट घ्या. घटस्फोटित महिला कर्मचाऱ्याला पहिलं प्राधान्य आहे, मागेल तो जिल्हा मिळतो. गंमत करतोय हं."

ही गंमत महारुद्र घरी घेऊन आला.

पण लगेच ती कुणी उघडली नाही. आधी दोघांनी टिटवीवर संसार करून पाहिला. एकत्र असल्याची शिक्षा काय असते ते तेव्हा कळलं. टिटवीत जागा देताना आधी आजारी, मग साहेब लोक, मग विभक्त कुटुंबातले कर्मचारी, आणि सगळ्यात शेवटी बाकीचे. महारुद्र बाकीचा. बायको-पोरीजवळच राहणाऱ्या माणसाला घरी जायची घाई कसली, असं यंत्राचं म्हणणं. कधी शनिवारी जागा मिळाली तर तो लातूरला पोचायचा आणि रविवारी परत निघताना वारा उलटा असला की यंत्र गोड आवाजात सांगायचं, आसन बारा, कृपया उतरून सहकार्य करा. सोमवारी शाळेत खाडा. खाड्यावर नोटीस. महिन्याला एक खेप, मग दोन महिन्यांतून एक.

शंभूनं त्याचं नाव आसन बारा ठेवलं होतं. फोनवर ती ओरडायची, "आई, आसन बारा पप्पा बोलायलेत!"

एकदा तो दोन महिन्यांनी घरी आला. शंभूनं त्याला दारात बघितलं, हात धरून टेबलापाशी नेलं आणि आईचा फोन उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. "आता बोल," म्हणाली. तिच्या हिशेबानं पप्पा फोनमधून बोलायचे. शिवलीला आधी हसली, मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

त्या दुपारी तीच म्हणाली, "अहो मास्तर, त्या दाभाड्याची गंमत खरी करू."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"कागदावर मोडायचं. मला रत्नागिरी मिळंल. आले की दुसऱ्या दिवशी पुन्हा लग्न करू. ह्या खेपेला स्वयंपाक तुम्ही करायचा."

"आणि लग्न लावणारा जंगम काय म्हणंल?"

"दोन्हीदा दक्षिणा मिळाल्यावर काय म्हणायचंय त्याला?"

दोघं पोट धरून हसले. एकटी नागम्मा हसली नाही. नागम्मा म्हणजे शिवलीलाची आई, शंभूला तीच सांभाळायची. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढत ती म्हणाली, "कागदाशी खेळू नका लेकरांनो. भिंतीला नुसते कान असतेत. कागदाला तोंड बी असतंय. एकदा बोलला की गिळत नाही."

म्हातारीचं कोण ऐकतंय?

वकील उबाळेंनी त्यांना पुढचं समजावलं. घटस्फोटाला वर्षभर वेगळं राहिल्याचा पुरावा लागतो, आणि सरकारदप्तरी तर हे दोघं एकत्र. ते खोटं पाडायला न्यायालयाकडं एक यंत्र होतं, सहवासमापक. दोन माणसं किती जवळ आहेत ते हे यंत्र त्यांनी मागं सोडलेल्या खुणांवरून काढतं. विमानाची, एसटीची, रेल्वेची तिकिटं, जी आता चेहरा बघूनच फाटतात. फोन, निरोप, फोटो. दोघांचे फोन एका खोलीत किती तास पडून होते तेसुद्धा. ह्या सगळ्याचा मिळून एक आकडा. प्रेम किती आहे हे यंत्राला कळत नाही, पण माणसं एकमेकांकडं किती वेळा वळतात ते अचूक कळतं, आणि खरं सांगायचं तर त्याहून वेगळं प्रेम तरी काय असतं?

"आकडा वर्षभर शून्य पाहिजे," उबाळे म्हणाले. "मध्ये एकदा जरी काटा हलला तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून. लेकरासाठी आलो, आजारपणासाठी आलो, काही चालत नाही. यंत्राला कारण कळत नाही."

म्हणजे एकत्र राहण्यासाठी वर्षभर एकमेकांकडं वळायचंच नाही. हे असलं शहाणपण फक्त आपल्या नोकरदार लोकांनाच सुचतं. पगार, पेन्शन, सेवाज्येष्ठता ह्यांच्यावर आपला जितका विश्वास, तितका देवावर नाही. सोडून दे नोकरी, असं त्या दोघांतल्या एकालाही सुचलं नाही. सुचलं असेल तर तोंडातून निघालं नाही.

लातूरच्या विमानतळावर शिवलीलानं त्याला पोचवलं. शंभू त्याच्या खांद्यावर झोपली होती. शिवलीलानं पोरीला अलगद आपल्याकडं घेतलं आणि म्हणाली, "ऐका. काय बी होऊ द्या. मी मरायला टेकले असं कळलं तरी यायचं नाही. वर्ष वाया घालवायचं नाही. घ्या शपथ."

"शपथ."

"तशी नाही. गळ्याला हात लावून."

महारुद्रनं गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीला हात लावला. "शपथ," म्हणाला. त्या दिवशी कुणी त्याला आसन बारावरून उतरवलं नाही.

पहिले महिने दोघांनी शाळकरी पोरांच्या चोरट्या उत्साहात काढले. शिवलीलाचा भाऊ मल्लिनाथ अधूनमधून सुर्वेबाईंच्या फोनवर निरोप द्यायचा. तोही जपून, कारण जास्त झालं की यंत्र वास काढतं. शंभू शाळेत जायला लागली. शंभूचा दात पडला. शंभू विचारते. एवढंच.

महारुद्र दर शुक्रवारी संध्याकाळी खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसायचा. वरून लातूरची टिटवी जायची. शेपटीचा दिवा दिसेनासा झाला की तो घरी येऊन भात टाकायचा.

नऊ महिने गेले. श्रावण लागला होता. शाळेत पोरं खिचडीच्या पंगतीला बसली होती आणि सुर्वेबाई फोन घेऊन धावत आल्या. मल्लिनाथ होता.

"दाजी, शंभूला डेंगी झालाय. पेशी लई उतरल्यात. आत ठेवलंय तिला."

"शिवलीला कुठाय?"

"तिच्यापाशीच. ताई कायच बोलंना."

"मी येऊ का? तिला विचार. ये म्हणते का विचार."

तिकडं पावलांचा आवाज, दारांचा आवाज. मग मल्लिनाथ म्हणाला, "ताई म्हणायली, शपथ आठवा."

सुर्वेबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "जावा बघू आधी," त्या म्हणाल्या. "शपथ कसली नि काय कसली. पोर आजारी आहे तुमची. मी बघते शाळेचं, तुम्ही निघा."

महारुद्र निघाला. पडत्या पावसात मोटारसायकल हाणत विमानतळावर पोचला. दुपारची टिटवी उभी होती, बॅटरी बदलून तयार. आत जागा होती. आजारी नव्हते, साहेब नव्हते, आसन बारा रिकामं. दाराशी चेहरा दाखवायचा आणि चढायचं. वारा पाठीशी. अठ्ठेचाळीस मिनिटं.

तो कुंपणाच्या जाळीला धरून उभा राहिला.

चेहरा दाखवला की काटा हलणार. नऊ महिने पाण्यात. पुन्हा एक वर्ष. शंभू तोवर सहा-सात वर्षांची होणार. आणि तिथं जाऊन तो करणार काय? तो डॉक्टर नाही. शिवलीला नर्स आहे, तिला सगळं कळतं, ती स्वतः शपथ आठवा म्हणाली आहे. आज गेलो नाही तर तीन महिन्यांनी कायमचे एकत्र. आज गेलो तर आजचा दिवस मिळेल आणि वर्ष जाईल. त्यानं सगळ्या बाजूंनी हिशेब केला. हिशेब दर खेपेला बरोबर आला. मास्तर होता तो, त्याचा हिशेब चुकणार कसा?

टिटवीनं आपला तो टी-टी-टिव असा इशारा दिला, दार मिटलं, आणि आसन बारा रिकामंच घेऊन ती उडून गेली.

माणूस मूर्खपणानं बरबाद होतो असं आपण म्हणतो. साफ खोटं आहे. मूर्ख माणूस त्या दिवशी विमानात चढला असता.

चौथ्या दिवशी निरोप आला. शंभूच्या पेशी वाढल्या, धोका टळला. महारुद्र धक्क्यावर जाऊन एकटाच रडला. आपण कसोटीला उतरलो असं त्याला वाटलं. खरंच तसं वाटलं, आणि ह्याचं त्याला पुढं आयुष्यभर वाईट वाटणार होतं.

वर्ष भरलं. सुनावणी पडद्यावर झाली. एका चौकोनात न्यायाधीश, एकात उबाळे, एकात शिवलीला, एकात तो. शिवलीला वाळली होती. केस मागं घट्ट बांधलेले. न्यायाधीशांनी सहवासमापकाचा आकडा वाचला. शून्य. यंत्राला इतका स्वच्छ शून्य क्वचितच मिळत असावा, कारण त्यांनी तो दोनदा वाचला.

"दोघांची राजीखुशी आहे?"

"आहे," महारुद्र म्हणाला, आणि हळूच एक डोळा मिचकावला.

शिवलीलानं मिचकावला नाही. ती सरळ समोर बघत म्हणाली, "आहे."

काय बेमालूम नाटक करते, महारुद्रला वाटलं. त्याला तिचा अभिमान वाटला.

महिन्याभरात तिच्या बदलीचा आदेश निघाला. रत्नागिरी. महारुद्रनं दवाखान्याजवळ दोन खोल्या घेतल्या. भिंतीला रंग दिला. खिडकीला पडदा लावला, तो आखूड झाला, पुन्हा लावला. बाजारात शंभूसाठी चपला बघितल्या. दुकानदारानं माप विचारलं. महारुद्रनं तळहात पुढं करून दाखवलं, मग बोटं जरा लांब केली, मग म्हणाला, "दोन्ही मापाच्या द्या." पोरीच्या पायाचं माप बापाला माहीत नाही, हे दुकानदाराच्या नजरेत त्यानं वाचलं आणि घाईघाईनं म्हणाला, "बाहेरगावी असते ती. आता येतेय."

मल्लिनाथचा निरोप आला. ताई रविवारच्या टिटवीनं येतेय.

रविवारी तो तासभर आधीच जाऊन उभा राहिला. त्याच जाळीपाशी, हातात चपलांची पिशवी घेऊन. टिटवी आली. दणका देऊन टेकली. कामगारांनी पोटाखालचा खण ओढायला घेतला. दार उघडलं. एक म्हातारा उतरला, दोन बायका उतरल्या, आणि मग शिवलीला.

एकटी. खांद्याला पर्स. बाकी काही नाही.

"शंभू?" महारुद्रनं विचारलं.

"आईपाशी आहे. बसू या का कुठं? मला ह्याच विमानानं परत जायचंय."

लोखंडी बाकावर ती बसली. तो उभाच राहिला. मग पिशवी मांडीवर घेऊन बसला.

"मी बदली नाकारली," ती म्हणाली. "काल लिहून दिलं. फोनवर सांगायचं नव्हतं, म्हणून आले."

"का?"

शिवलीलानं बॅटरी ओढणाऱ्या माणसांकडं बघितलं. "शंभू आत होती ना, त्या दिवशी तुम्ही इथवर आला होता."

"तुला कुणी सांगितलं?"

"सुर्वेबाई मल्लिनाथला बोलल्या. कौतुकानंच बोलल्या. बिचारे विमानतळावरनं परत आले म्हणून." तिनं पदर सारखा केला. "आला नसता तर बरं झालं असतं. शाळेत बसून राहिला असता तर मी म्हणाले असते, लांब हायेत, काय करतील. पण तुम्ही इथवर आला. विमान समोर होतं. जागा होती. आणि हिशेब करून परत गेला."

"तू म्हणलीस शपथ आठवा! मल्लिनाथला विचार, तुझेच शब्द आहेत!"

"माझेच हायेत. मी तोंडानं म्हणाले." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "म्हणाले आणि मग दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले. विमान उतरायची वेळ झाली. मग रिक्षानं यायला जेवढा वेळ लागतो तेवढी बसले. मग अजून थोडी बसले, म्हटलं रिक्षा मिळाली नसंल. पोरगी आत पप्पा पप्पा करायली, आणि मी बाहेर रिक्षा मोजायले."

"तुमची चूक नाही," शिवलीला म्हणाली. "मी घातलेली शपथ तुम्ही पाळली. पण मला त्या पायरीवर कळलं, की तुम्ही नाही आलात तरी मी उठू शकते. उठले. आत गेले. सगळं केलं. आणि तिथनं मनानं तुमच्याकडं परत येताच येईना. लई बघितलं येऊन."

"आणि शंभू?"

"बरी झाली. त्या दिवसापासनं तुमचं नाव घेतलं नाही. मी बी काढलं नाही."

तिचं लक्ष पिशवीकडं गेलं. तिनं आतल्या चपला काढल्या, दोन्ही जोड. बोटानं मोजून बघितल्या. परत ठेवल्या.

"होणार नाहीत," ती म्हणाली. "दोन्ही बी नाहीत. पाय वाढलाय तिचा."

नवी बॅटरी आत सरकली. खटका बसला. शिवलीला उठली. "येते," म्हणाली. मास्तर म्हणाली नाही. दारापाशी तिनं चेहरा दाखवला आणि आत गेली.

तेवढ्यात महारुद्रचा फोन वाजला. तोच गोड आवाज. "आपली नोंद विभक्त कुटुंब अशी बदलली आहे. लातूरसाठी आपल्याला प्राधान्यानं आसन देण्यात येत आहे. विमान आपल्यासाठी थांबले आहे."

टिटवी खरंच थांबली होती. दार उघडं होतं. ज्या विमानानं त्याला कितीदा सामानासारखं खाली उतरवलं होतं, ते आज त्याच्यासाठी थांबलं होतं. कारण आता त्याला कुणी नव्हतं.

महारुद्र जाळी धरून उभा राहिला. हिशेब करायला लागला, आणि मध्येच त्याला कळलं की आता हिशेबात काही उरलेलंच नाही. मिळायचं काही नाही, वाया जायचं काही नाही. सोमवारी शाळा. पोरगी ओळखणार नाही. बायको बायको नाही. जायचं एकही कारण नव्हतं.

तो पळत सुटला.

यंत्रानं दिलेली जागा शिवलीलाशेजारची होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग पिशवीकडं.

"कुठं निघालाव?"

"तिच्या पायाचं माप घ्यायला."

शिवलीला खिडकीकडं तोंड करून बसली. टिटवी उठली. खाडी, शाळेचा पत्रा, धक्का, सगळं खाली सरकत गेलं, मग सह्याद्रीची काळी कड, मग ढग. वारा पाठीशी होता.

घाट मागं पडला तशी शिवलीलाला डुलकी लागली. लागोपाठ ड्युट्या करून आलेली होती. तिचं डोकं खिडकीवरून हळूहळू कलंडलं आणि महारुद्रच्या खांद्यावर टेकलं. त्याच जागी, जिथं ते लग्नानंतरची सगळी वर्षं टेकत आलं होतं. झोपेला घटस्फोट माहीत नव्हता. महारुद्रनं हात हलवला नाही. श्वास जपून घेतला. समोरच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा कमी कमी होत होता आणि त्याच्या खांद्यावरचं वजन तसंच होतं. हा आकडा संपूच नये, विमान असंच हवेत राहावं, उलटा वारा सुटावा, लागू देत त्रेसष्ट, लागू देत शंभर, असं त्याला पोटातून वाटलं.

वारा पाठीशीच राहिला. लातूर वेळेवर आलं. टिटवी होती तेवढ्याच वजनानं जमिनीवर टेकली, दणका बसला आणि शिवलीला जागी झाली. तिनं झटकन डोकं उचललं. सावरून बसली. केस नीट केले.

"सॉरी हं," ती म्हणाली, शेजारच्या अनोळखी प्रवाशाला म्हणावं तशी, आणि दार उघडायची वाट बघू लागली.